कावळ्यासमोर दिलेला शब्द

नागीण डूख धरते म्हणतात. रत्नागिरीच्या पेठकिल्ल्यातली माणसं म्हणायची, ती विद्या नागिणीने गुणवंती डोर्लेकरणीकडेच शिकलेली असणार.

बर्फाच्या कारखान्यावरच्या मुकादमाने एकदा तिला चार गिऱ्हाइकांदेखत ‘ए म्हातारे’ म्हटलं होतं. तेव्हा ती पुरती चाळिशीचीही नव्हती. त्या दिवसापासून तिने त्याच्या बर्फाचा खडा आपल्या मासळीच्या टपात पडू दिला नाही. लांबच्या कारखान्यातून रिक्षाने बर्फ आणला, निम्मा वाटेत वितळला तरी आणला. पुढे त्याच मुकादमाच्या लेकीच्या लग्नाची पत्रिका आली. गुणवंती गेली, पोटभर जेवली, आणि आहेराच्या पाकिटावर आपलं नाव ठळक घालून, आत काही न ठेवता, त्याच्या हातात देऊन आली.

“त्याला कळूंदे, मी विसरले नाय ती,” घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा दत्ताराम म्हणजे तिच्या अगदी उलट. हयात बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हणून गेली, पण तोंडात शिवी नाही. डोळ्यांना कमी दिसायला लागलं तशी बोट सोडली, आणि बायकोच्या मासळीच्या धंद्यात मदत म्हणून पन्नाशीनंतर गाडी चालवायचं लायसन काढलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर चष्म्याशिवाय लायसन मिळालं, याचा त्याला बोटीपेक्षा जास्त अभिमान. गुणवंतीचे गुडघे टपं उचलून झिजले होते. पालीच्या बाजारात, आसपासच्या वाड्यांत मासळी पोचवायला स्वतःची गाडी हवी, हे दोघांनाही पटलं. नवी परवडणारी नव्हती. पाटल्या गहाण पडल्या, बचत गटाचं कर्ज निघालं, आणि दसऱ्याच्या आधी दोघं हायवेलगतच्या दीपेशशेठच्या कार बाजारात जाऊन उभी राहिली.

दीपेशशेठ बोलायला गोड. पांढरा शर्ट, कपाळावर चंदनाचा टिळा. त्याने पांढऱ्या व्हॅनच्या बॉनेटवर हात फिरवला.

“घरगुती गाडी आहे मावशी. चिपळूणच्या एका गुरुजींची. रविवारी देवळात जायची नि परत यायची, बस.”

चिपळूण म्हटल्यावर दत्तारामचे कान टवकारले. “शेठ, पुरात न्हवती ना ही?”

“छे छे काका. गुरुजींचं घर डोंगरावर. पाणी त्यांच्या पायरीलासुद्धा लागलं नाही.”

गाडीत अत्तराची बाटली टांगलेली होती. चंदनाचा असा घमघमाट, की गुणवंतीला शिंका आल्या. तिने ते शुभ मानलं. हीच गोष्ट तिला पुढे सगळ्यात जास्त डाचली. जन्मभर तिने गिऱ्हाइकाला माशाचे कल्ले उघडून दाखवले, ‘बघ गो, लालबुंद हायत’ म्हणून. आणि कोण अत्तर फवारून वासाची मासळी विकतोय हे तिला, तिला, ओळखता आलं नाही.

गाडी दारात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दत्तारामने एक काम केलं. मोरीचं तेल आणलं. मोरी म्हणजे शार्क. तिच्या काळजाचं तेल होडीच्या लाकडाला बुडाकडून चोपडायची जुनी रीत. पाणी शिरत नाही, कीड लागत नाही, होडी बापापासून नातवापर्यंत टिकते. दत्तारामला वाटलं, गाडी म्हणजे तरी काय, सुक्यातली होडीच. आळीतल्या सगळ्यांसमोर, फळीवर उताणा पडून, ब्रशने त्याने गाडीचं सगळं बूड चोपडून काढलं. चंदनाचा वास त्या दिवसापासून गेला तो गेलाच. मांजरं आठवडाभर गाडीखालून हलली नाहीत.

“आवो, गाडीला कोण तेल लावतं काय?” गुणवंती म्हणाली.

“पुढच्या पावसाळ्यात कळंल तुला,” दत्ताराम म्हणाला.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाटच बघावी लागली नाही. दिवाळीत दिवे आपोआप लागायला आणि आपोआप विझायला लागले. वायपर कोरड्या उन्हात फिरायचे. मग गाडी चालता चालता बंद पडायला लागली; मागून ढकलली तर कधी सुरू, कधी नाही. दीपेशशेठच्या गॅरेजात गाडी पुन्हा पुन्हा जाऊन आली. दरवेळी काहीतरी बदललं म्हणून सांगत, दरवेळी तीच रड.

शेवटी गुणवंती त्याच्या ऑफिसात जाऊन बसली. शेठचा गोडवा तोवर आटला होता.

“मावशी, जुनी गाडी ही जुनीच असणार. कागदावर लिहिलंय, जशी आहे तशी. सही तुमचीच ना? आणि मासळीचं खारं पाणी सांडवता गाडीत, मग वायरी सडणारच. गाडी नाही, टोपली केलीय तुम्ही तिची.”

त्याच्या नोकरांना हसू आलं. गुणवंतीने प्रत्येकाचं तोंड नीट बघून ठेवलं. पण तोपर्यंत हे प्रकरण बर्फवाल्या मुकादमाच्याच जातीचं होतं. रिकाम्या पाकिटावर मिटलं असतं.

माघातल्या अमावास्येला जयगडहून भावाचा, बाबूचा फोन आला. आवस, म्हणजे आई, गेली. पहाटे उठली, चूल पेटवली आणि चुलीपुढेच कलंडली. गुणवंती धाय मोकलून रडली नाही. लुगडं बदललं आणि दत्तारामला म्हणाली, गाडी काढा.

जयगडचं स्मशान खाडीच्या तोंडाशी, वाळूवर. अमावास्येचं उधाण आलं की पाणी थेट चितेच्या जागेपर्यंत चढतं. म्हणून त्या दिवशी भरतीच्या आत अग्नी द्यायलाच हवा. बाबूने ते फोनवरच सांगितलं होतं, “अक्का, दुपारच्या आत ये. आमी अंगणात ठेवून वाट बघतोय. पाणी मात्र कुणाची वाट बघायचं नाय.”

मालगुंड मागे पडलं, गाडी सड्यावर चढली. दोन्ही बाजूंना काळा कातळ, करपलेलं गवत, झाड नाही, घर नाही. तिथे गाडीने एक आचका दिला आणि ती थांबली. दत्तारामने किल्ली फिरवली. बॉनेट उघडलं. उतरून ढकललं. काहीच नाही. बंदराकडे जाणारे मोठे ट्रेलर धूळ उडवत निघून गेले. गुणवंती रस्त्याच्या मधोमध उभी राहून हात करत होती, कोणी ब्रेक लावला नाही.

बाबूचा फोन आला. “कुटं हायस?”

“आले रे. सड्यावर हाय. थांब वायच.”

परत फोन आला. “अक्का, पाणी वर येतंय.”

परत आला तेव्हा बाबू नुसता रडत होता, आणि मागून बायकांचा आवाज येत होता. मग एका टेम्पोवाल्याला दया आली. त्याने व्हॅन दोरीने मागे बांधली आणि दोघांना पुढे बसवलं. उतार लागला तसा खाडीच्या तोंडाकडून धूर दिसला. गुणवंतीने टेम्पोवाल्याला सांगितलं, आता सावकाश चल, घाई नाय.

वाडीतल्या गड्यांनी व्हॅन वरच्या रस्त्यावरून अरुंद वाटेने ढकलत उतरवली आणि आवशीच्या दारात, अंगणाच्या कडेला लावून ठेवली. तिथून पुढे ती हललीच नाही.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या उंडणीच्या झाडावर येऊन बसले होते, पण पिंडाला एकही शिवेना. बाबूने हात जोडून सांगितलं, नातीचं लग्न थाटात करीन. नाही. त्याच्या बायकोने सांगितलं, तुझ्या कोंबड्या सांभाळीन. नाही. चुलत्याने सांगितलं, बांधाचा वाद मिटवून टाकू. एक कावळा जरा पुढे आला आणि मागे सरला. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले.

तेव्हा गुणवंती उठली. ओल्या वाळूत उभी राहून पिंडाकडे बघत म्हणाली, “आये, ज्याने मला तुझ्यापाशी पोचू दिलं नाय, त्याला तुझ्या दारात आणून उभा करीन. न्हाय केला तर मी तुझी लेक न्हवं.”

कावळा फांदीवरून सुटला तो थेट पिंडावर.

“आवस पण तुझ्यासारखीच डूख धरणारी गो,” बाबू पुटपुटला.

रत्नागिरीला आल्यावर गुणवंतीने पहिलं पाऊल टाकलं ते समीक्षा वकिलीणबाईंच्या दारात. समीक्षाबाई तिच्या जुन्या गिऱ्हाईक. एका सुरमईसाठी अर्धा तास घासाघीस करणाऱ्या. गुणवंतीचं म्हणणं असं, की जी बाई माझ्याशी भांडून जिंकते ती कोणाशीही जिंकेल.

समीक्षाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “गुणवंतीताई, जुनी गाडी असली तरी विकणारा दुकानदार असेल तर तो ग्राहक कायद्यातून सुटत नाही. ‘जशी आहे तशी’ लिहून घेतलं म्हणून खोटं बोलायची मुभा मिळत नाही. काकांनी सरळ विचारलं होतं ना, पुरात होती का?”

“इचारलं. डोंगरावरचं घर, पायरीला पाणी लागलं नाय, असं बोलला.”

“मग झालं तर. दोष माहीत असून लपवणं, ही अनुचित व्यापारी प्रथा. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू. वकील लागतोच असं नाही, तुम्ही स्वतःही बोलू शकता.”

“बोलायचं तर मलाच बोलायचंय,” गुणवंती म्हणाली. “तुमी फक्त माझ्या शिव्या कायद्यात बसवून द्या.”

पहिल्या सुनावणीला दीपेशशेठच्या वकिलाने उभं राहून सांगितलं, या बाई गाडी मासळीच्या धंद्याला वापरतात, म्हणजे व्यापारी कारणासाठी. त्या कायद्याने ग्राहकच नाहीत.

“गिऱ्हाईक नाय तर मी कोण?” गुणवंती जागेवरूनच म्हणाली. “पापलेट?”

अध्यक्षांनी हसू दाबून तिला बसायला सांगितलं. समीक्षाबाईंनी दाखवून दिलं, की स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर तो माणूस ग्राहकच असतो. तो मुद्दा मिटला. पण पुढच्या तारखेला शेठच्या वकिलाने खिशातून हुकमाचं पान काढावं तसा नवा मुद्दा काढला.

“तक्रारदाराच्या पतीने गाडीच्या संपूर्ण खालच्या भागाला माशाचं तेल लावलं आहे. आळीतले साक्षीदार आहेत. माशाचं तेल, महोदय. गाडीला.”

सगळी खोली हसली. कारकून हसला, दुसऱ्या खटल्याला आलेली माणसं हसली. दीपेशशेठ मान मागे टाकून हसला. दत्ताराम पायातल्या चपलांकडे बघत बसून राहिला. घरी आल्यावर तो जेवला नाही.

“माझ्यामुळे गेलं सगळं,” तो म्हणाला. “मीच खुळा.”

“तुमी खुळे हायत ता मला लग्नाच्या दिवशीच ठावं होतं,” गुणवंतीने त्याच्यापुढे ताट सरकवलं. “पण तुमाला हसायचा हक्क माझा हाय, त्याचा न्हवं. जेवा. त्याचं हसू मी त्याच्या घशात घालतंय.”

कसं घालणार ते तिलाही माहीत नव्हतं. घातलं ते शेठनेच, स्वतःच्या हाताने. तेलाने गाडी खराब झाली हे पक्कं करून घ्यायला त्यानेच आयोगाकडे अर्ज केला, की तज्ज्ञाकडून गाडी तपासावी. आयोगाने तंत्रनिकेतनातले एक सर नेमले. ते जयगडला आले, गाडीखाली शिरले, आणि तेलाचा थर खरवडायला लागले. तेल उन्हापावसाने घट्ट होऊन गाडीच्या बुडाला पापुद्र्यासारखं चिकटलं होतं. पापुद्रा निघाला तसा त्याखालून चिखल निघाला. सुकलेला, बारीक, नदीचा गाळ. तेलाच्या खाली, गंजाच्या वर, दत्तारामने जसा झाकला होता तसा. मग सरांनी सीटखालचं पायपुसणं उचकटलं, डॅशबोर्ड मोकळा केला. तिथे कुणाचा ब्रश पोचायचं कारणच नव्हतं, तरी तिथेही तोच गाळ, वायरींच्या जुडग्यात अडकलेला.

अहवालात त्यांनी लिहिलं, गाडी विक्रीच्या आधी दीर्घकाळ पुराच्या पाण्यात बुडालेली होती. तेल त्यानंतर लावलेलं आहे आणि बिघाडाशी त्याचा संबंध नाही.

दत्तारामने तो अहवाल वाचून घेतला, समीक्षाबाईंकडून समजून घेतला, आणि त्या दिवशी बाजारात भेटेल त्याला विनाकारण चहा पाजला.

यानंतर आयोगाच्या बाहेरच्या व्हरांड्यात दीपेशशेठ पहिल्यांदा स्वतःहून गुणवंतीजवळ आला. चंदनाचा टिळा होता, आवाज पुन्हा गोड होता.

“मावशी, कशाला ताणायचं? सगळे पैसे परत देतो, वर नुकसानभरपाई देतो. माझा माणूस येऊन गाडी घेऊन जाईल. फक्त एक लिहून द्या, की तुमची काही तक्रार नाही, आणि बाहेर कुठे बोलणार नाही.”

समीक्षाबाई म्हणाल्या, घ्या. दत्ताराम म्हणाला, घे गो. पाटल्या गहाण होत्या, गुणवंती पुन्हा रिक्षातून टपं नेत होती, गुडघा रात्री ठणकत होता. हे सगळं तिला कळत नव्हतं असं नाही.

“लिहून देतंय,” ती म्हणाली. “पण शेठ, तुमी सोता जयगडला यायचं. माझ्या आवशीच्या दारात. गाडी न्यायची तर तुमच्या हातानं न्यायची.”

“मी? गाडी न्यायला? माझ्याकडे माणसं आहेत मावशी.”

“माझ्याकडे पण होतं एक माणूस. तुमच्या गाडीपायी त्याचं तोंड बघायला मिळालं नाय.”

शेठने खांदे उडवले आणि निघून गेला. दत्ताराम डोक्याला हात लावून बाकावर बसला. समीक्षाबाईंनी सावकाश समजावलं, “ताई, आयोग पैसे देईल, त्रासाची भरपाई देईल. पण कुणाला कुणाच्या दारात उभं करणं आयोगाच्या हातात नाही.”

“माझ्या हातात हाय,” गुणवंती म्हणाली. “तुमी फक्त निकाल आणा.”

निकाल पुढच्या वर्षी आला. गाडीची रक्कम व्याजासह परत, मानसिक त्रासाची भरपाई, खटल्याचा खर्च, आणि विरुद्ध पक्षाने गाडी स्वखर्चाने परत न्यावी. सगळं ठरल्या मुदतीत. शेठने अपिलाची भाषा केली, पण त्याच्याच वकिलाने तज्ज्ञांचा अहवाल पुढे करून त्याला गप्प केलं. पैसे भरले गेले. पाटल्या सुटल्या. राहिली ती गाडी.

पहिल्यांदा शेठचा माणूस टोइंग घेऊन जयगडला आला. गुणवंती आधीच तिथे येऊन राहिली होती.

“तू कोण?” तिने विचारलं.

“शेठने पाठवलंय.”

“निकालात तुझं नाव हाय? गाडी ज्याने इकली त्याच्याच हातात देणार, नि ताबा मिळाला म्हणून सही त्याचीच घेणार. उद्या तो म्हणंल चाकं चोरली, मग मी कुटं जाऊ? जा बाबा, चाय पिऊन जा.”

त्याला तिने बसवून खरोखर चहा दिला, वर कांदेपोहे दिले. तो परत गेला. समीक्षाबाईंनी शेठच्या वकिलाला एक ओळ कळवली, की तक्रारदार गाडी द्यायला तयार आहे. मुदतीत नेली नाही तर अंमलबजावणीचा अर्ज लावू, आणि आदेश मोडल्याची शिक्षा तुरुंगाचीही असते. मुदत शेठची सरत होती. गुणवंतीची सरायची भीती नव्हती. ती आवशीच्या खोपटात झोपत होती, भावाकडे जेवत होती, आणि दुपारी ओट्यावर बसून सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, निवडत होती.

मे महिन्याच्या भर उन्हात शेठ आला. त्याची मोठी चारचाकी वर डांबरी रस्त्यावर ठेवावी लागली, कारण वाडीत उतरणारी वाट अरुंद, जेमतेम व्हॅनपुरती. टोइंगही वरच थांबलं. शेठ आणि टोइंगचा ड्रायव्हर पायी खाली उतरले. शेठचा शर्ट पाठीला चिकटला होता. अख्खी वाडी आधीच ठरल्यासारखी आपापल्या अंगणात होती. कुणी जाळं विणत होतं, कुणी नुसतंच बसलं होतं.

“हां मावशी, आलो बघा. कुठे सही?”

“सही होईल. आधी तितं उभे ऱ्हावा. पायरीच्या खाली. तोंड दाराकडं.”

शेठ कसंनुसं हसला. “कशाला आता हे?”

“माझी आवस ह्याच अंगणात माझी वाट बघत पडली होती. मी सड्यावर तुमच्या गाडीशी झटत होते. तेवढा येळ तुमी बी उभे ऱ्हावा. नसंल ऱ्हायचं तर वर जावा, टोइंग घेऊन परत.”

शेठने वाडीकडे बघितलं. कोणीच त्याच्या बाजूचं दिसलं नाही. तो उभा राहिला. ऊन डोक्यावर होतं. त्याने रुमाल काढून मान पुसली, मग डोक्यावर धरला. गुणवंती दत्तारामशेजारी ओट्यावर बसून त्याच्याकडे बघत राहिली. मनात तिने शिव्यांचा भरगच्च साठा करून आणला होता, रात्र रात्र जागून निवडलेला. एकही काढावी लागली नाही. आवशीच्या दारात तो माणूस घामाने निथळत उभा होता, यापुढे शिवी काय बोलणार.

बऱ्याच वेळाने शेठ दाराकडे बघून म्हणाला, “चुकलं.” आवाज बारीक होता.

“कोणाला सांगताय?”

“त्यांना. तुमच्या आईंना.”

“बरं. करा सही.”

सही झाली. मग गाडी चढणीवरून वर न्यायची होती. शेठने आजूबाजूच्या गड्यांना हाक मारली, “जरा हात लावता का रे? देईन काय ते.”

“हात गुंतलेत शेठ,” जाळं विणणारा म्हणाला. त्याच्या शेजारच्याचे हात मोकळेच होते. त्याने ते पाठीमागे नेले.

मग शेठने बाह्या वर केल्या. ड्रायव्हर स्टेअरिंगला, शेठ मागे. गाडी इंचभर सरकायची आणि थांबायची. चाकं गंजलेली, चढण दगडांची. मोरीच्या तेलाचा उरलासुरला वास उन्हात उठला आणि शेठच्या नाकात गेला. त्याने तोंड वळवलं, तरी ढकलायला थांबता येत नव्हतं, थांबला की गाडी अंगावर यायची. दत्ताराम उठून पुढे व्हायला लागला. त्याचा स्वभावच तसा. गुणवंतीने त्याचं धोतर धरून त्याला खाली बसवलं.

अर्ध्या चढणीवर शेठ मटकन दगडावर बसला. ड्रायव्हरने चाकाखाली धोंडा घातला. शेठचे ओठ पांढरे पडले होते.

बाबूची बायको घाबरली. “अक्का, काय झालं तर आपल्यावर येईल.”

“पाणी दे त्याला,” गुणवंती म्हणाली. “तहानेनं मेला तर आवस मला सोडायची नाय. माठातलं दे, गार.”

भावजयीने तांब्या भरला, आणि दारात आलेल्या कुणालाही देतात तसा सवयीने गुळाचा डबा उघडला. गुणवंतीने तिच्या हातावर हात ठेवून डबा बंद केला.

“गूळ नको,” ती म्हणाली. “पाहुणा न्हवं तो.”